कंबरदुखी : दोष सवयीचा की व्यवस्थेचा?

कंबरदुखी हा वयाचा किंवा नशिबाचा भोग आहे, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगातील सुमारे 62 कोटी माणसे या दुखण्याने ग्रस्त होती. बहुसंख्य रुग्णांत मणक्याचा ठरावीक असा आजार सापडत नाही. रोजचे वाकणे, ओझी उचलणे, तासन्‌तास उभे राहणे किंवा एकाच जागी बसून राहणे यांचा मात्र त्यात मोठा वाटा असतो. म्हणजेच हे दुखणे बरेचसे टाळता येण्याजोगे आहे.

उपायही साधे आहेत. ओझे उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, ते अंगालगत धरावे आणि उचलल्यावर कंबर पिळू नये. बैठ्या कामातून अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. कंबर धरली म्हणून दिवसचे दिवस अंथरुणाला खिळू नये; झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवल्यानेच ती लवकर सावरते. पाय बधिर झाले किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे.

हे सारे खरे. परंतु हा उपदेश अमलात आणणे ऐकणाऱ्याच्या हाती कितपत आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या हमालाला नगावर मजुरी मिळते, त्याने बेताने पोते उचलावयाचे म्हटले तर संध्याकाळची मजुरी घटते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रीला बुडख्याशी कोयता चालवावा लागतो आणि मग मोळी डोक्यावर घ्यावी लागते. दुकानातील विक्रेतीला गिऱ्हाईक नसतानाही कित्येक ठिकाणी बसण्याची मुभा नसते. यांच्या बाबतीत 'सवय' हा शब्दच फसवा आहे. ती त्यांनी लावून घेतलेली नाही. मालकाने, मुकादमाने आणि अवजाराने ती लादलेली आहे.

परिस्थिती बदलली की सवय बदलते, याला इतिहास साक्षी आहे. कॅलिफोर्नियातील भाजीच्या मळ्यांत शेतमजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून काम करावे लागे. लांब दांड्याने काम नीट होणार नाही, असा मळेवाल्यांचा दावा होता. मजुरांच्या लढ्यानंतर 1975 साली त्या कुदळीवर बंदी आली. मळे काही ओस पडले नाहीत. विक्रेत्या स्त्रियांच्या आंदोलनानंतर केरळने 2018 मध्ये दुकान-कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तेच केले. महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा हमालांच्या संघटित बळावरच झाला.

तेव्हा कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत पगार आणि बोनस यांच्या जोडीला पोत्याचे वजन, दिवसाकाठी उचलावयाच्या पोत्यांची संख्या, सफाई कामगाराच्या झाडूच्या दांड्याची लांबी आणि विक्रेतीचे स्टूल यांनाही मानाचे स्थान मिळाले पाहिजे. कमरेची झीज ही मजुरीतून न दिसणारी कपातच आहे.

मात्र ही मागणी घराच्या उंबऱ्याशी थांबू नये. सभेत समतेवर बोलणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरीही आखूड केरसुणी बहुधा स्त्रीच्याच हाती असते. लांब दांड्याचा झाडू आणण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तो स्वतःच्या हाती घेण्यासही लागत नाही.