नव्या पाटीवर लिहिणार कोण?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत एक जुनी चर्चा नव्याने सुरू होते. मुलाला किंवा मुलीला काय घेऊन द्यायचे? एके काळी या प्रश्नाचे उत्तर मनगटी घड्याळ असे, नंतर ते सायकल झाले, मग स्कूटर. आज ही चर्चा टॅब्लेट घ्यावा की लॅपटॉप, इथे येऊन अडते. आई म्हणते, टॅब्लेट घेऊ, हलका आहे, दप्तरात मावतो. वडील म्हणतात, लॅपटॉप पुढे कॉलेजातही उपयोगी पडेल. मुलाने आधीच दुकानात जाऊन टॅब्लेटच्या चकचकीत पडद्यावर बोट फिरवून पाहिलेले असते. आणि दुकानदार हसतमुखाने सांगतो, ‘साहेब, आता टॅब्लेटवर सगळे होते.’

या ‘सगळे’ शब्दाचा थोडा हिशेब मांडायला हवा. ज्यांच्या घरी दोन्ही वस्तू सहज येऊ शकतात, त्यांना हा प्रश्न पडत नाही. पण ज्या घरात महिन्याच्या खर्चातून बाजूला काढलेल्या पैशांत एकच वस्तू येणार आहे आणि ती चार-पाच वर्षे पुरवायची आहे, तिथे या निवडीवर बरेच काही अवलंबून असते.

नात्यागोत्यांत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ऐकीव उत्तर देण्यापेक्षा स्वतः पाहावे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी माझा लॅपटॉप महिनाभर कपाटात ठेवून दिला आणि रोजची सारी कामे टॅब्लेटवर केली. माझी कामे काही जगावेगळी नाहीत. थोडे लिहिणे, बरेच वाचणे, बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार आणि आमच्या सोसायटीचे खजिनदारपद.

पहिले पंधरा दिवस फार सुखाचे गेले. सकाळी गॅलरीत बसून वर्तमानपत्रे वाचली, विजेचे बिल भरले, रेल्वेची तिकिटे काढली, परदेशी असलेल्या पुतण्याशी समोरासमोर बोललो. टॅब्लेट उघडताच सुरू होतो, तापत नाही, पंख्याचा आवाज नाही आणि सकाळी चार्ज केला की रात्रीपर्यंत चालतो. लॅपटॉपची आठवणही झाली नाही.

महिनाअखेरीस मात्र सोसायटीची बिले काढायची वेळ आली. आमच्या इमारतीत ४८ सदनिका आहेत. एका बाजूला बँकेचे स्टेटमेंट, दुसऱ्या बाजूला सभासदांची खातेवही, असे दोन्ही समोर ठेवून कोणाचे पैसे आले आणि कोणाचे राहिले, हे जुळवायचे असते. टॅब्लेटचा पडदा मुळात लहान. त्यात आकडा लिहायला गेले, की पडद्यावरचा कीबोर्ड उगवतो आणि निम्मी जागा खातो. खातेवहीच्या तीन-चार ओळी दिसणार, त्यांत बोटाने नेमका चौकोन पकडायचा, चुकला की पुन्हा. एरवी तासाभरात उरकणारे काम रात्रीच्या जेवणापर्यंत लांबले. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून वार्षिक अहवालाची फाइल आली. ती जुन्या मराठी फाँटमधली होती. आपल्याकडच्या कित्येक छापखान्यांत आणि कचेऱ्यांत युनिकोडपूर्वीचे फाँट अजून वापरात आहेत आणि त्यांची सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली असतात. टॅब्लेटवर त्या अहवालाची नुसती अगम्य चिन्हे दिसली. आमचा प्रिंटर जुना, तारेने जोडायचा. त्यानेही टॅब्लेटला ओळख दाखवली नाही.

मग मी वेगळा कीबोर्ड जोडला, माउस जोडला, टॅब्लेट उभा राहावा म्हणून स्टँड आणले. काम सुधारले, यात शंका नाही. पण टेबलावर मांडलेला तो संसार पाहिल्यावर लक्षात आले, की मी सुट्या भागांतून एक लॅपटॉपच जुळवत होतो.

गंमत अशी, की टॅब्लेट बनवणाऱ्या कंपन्याही गेली पंधरा वर्षे हेच करत आल्या आहेत. २०१० च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड जगापुढे ठेवला, तेव्हा ते व्यासपीठावर चक्क खुर्चीत आरामात बसले होते. फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या वस्तूला जागा आहे का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि ती जागा कोणत्या कामांसाठी आहे याची यादीच दिली. इंटरनेट पाहणे, ई-मेल, छायाचित्रे, चित्रफिती, संगीत, खेळ आणि पुस्तके. ही यादी प्रामाणिक होती. ई-मेल वगळले तर यातली बहुतेक कामे दुसऱ्याने केलेले आपण पाहण्या-ऐकण्याची आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी आणखी एक दाखला दिला. अमेरिका शेतीप्रधान होती तेव्हा बहुतेक वाहने ट्रक होती. शहरे वाढली तशा मोटारी वाढल्या. संगणकही पुढे ट्रकसारखे होतील, ते राहतील, पण थोड्यांनाच लागतील, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे घडले ते पाहण्यासारखे आहे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला सरफेस आणला, तो कव्हरमध्येच कीबोर्ड घेऊन. २०१५ मध्ये ॲपलने मोठ्या पडद्याचा आयपॅड प्रो आणला आणि त्यासाठी कीबोर्ड व पेन वेगळे विकायला ठेवले. मार्च २०२० मध्ये आयपॅडला माउस आणि ट्रॅकपॅड नीट वापरण्याची सोय मिळाली. २०२५ मध्ये त्यावर संगणकासारख्या लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आल्या. मोटार म्हणून निघालेल्या गाडीला एकेक करून ट्रकचे भाग बसवले गेले. ज्यांना काम करायचे होते त्यांनी कळा मागितल्या, माउस मागितला, दोन कागद शेजारी ठेवायला जागा मागितली.

याहूनही जुनी एक गोष्ट आहे. १९७२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के या शास्त्रज्ञाने ‘डायनाबुक’ नावाची कल्पना मांडली. वहीच्या आकाराचा, मुलांनी सोबत बाळगायचा संगणक. त्यांच्या रेखाचित्रात पडद्याखाली कीबोर्ड होता. मुलांनी त्यावर लिहावे, चित्रे काढावीत, स्वतः प्रोग्रॅम रचावेत, हा त्यामागचा हेतू होता. आज टॅब्लेट पाहिला की आपल्याला शाळेतली पाटी आठवते. पण पाटी हातात आली की मूल पहिली गोष्ट करी ती ‘ग म भ न’ लिहिण्याची. ही नवी पाटी हातात आली की मूल पहिली गोष्ट करते ती पाहण्याची. दोष पाटीचा नाही. तिची घडणच पाहणाऱ्याच्या सोयीची आहे.

म्हणून टॅब्लेट वाईट, असे मात्र कोणी समजू नये. माझ्या आईची पंच्याऐंशी उलटली आहे. लॅपटॉपच्या वाटेला ती कधी गेली नाही. टॅब्लेटवर मात्र अक्षरे मोठी करून ती वर्तमानपत्र वाचते, कीर्तने ऐकते, नातवंडांशी बोलते. ज्येष्ठ नागरिकांना या वस्तूने जे स्वातंत्र्य दिले, ते दुसऱ्या कोणत्याच यंत्राने दिले नव्हते. गुगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय केली, तेव्हापासून चार ओळींचे पत्रही आई बोलूनच लिहिते. ज्याला वाचायचे आहे, व्याख्याने ऐकायची आहेत, पेनने आकृत्या काढायच्या आहेत, वहीसारखी टिपणे घ्यायची आहेत, त्याला टॅब्लेट उत्तम. जेईई-नीटची तयारी करणाऱ्या मुलांना महाराष्ट्रात महाज्योती संस्थेमार्फत टॅब्लेट दिले गेले, तेही त्या कामापुरते योग्यच. ध्वनिचित्रफिती पाहणे आणि पर्यायी प्रश्न सोडवणे, एवढे त्यावर छान होते.

अडचण त्यानंतर येते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, की पहिल्या वर्षीच प्रोग्रॅमिंग शिकायचे असते. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली शिकायचे असते आणि ते विंडोजवर चालते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. ते पडद्यावर अंगठे आपटून मिळत नाही. आपल्या लिपीसाठी तयार झालेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. दहाही बोटांनी लिहिणाऱ्यासाठीच ती रचना आहे. लहानसहान कंत्राटदाराला ई-निविदा भरायची, तर डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला जोडावे लागते. ‘टॅब्लेटवर सगळे होते’ या वाक्यात ही माणसे बसत नाहीत.

उत्तर प्रदेशात २०१२ च्या निवडणुकीत समाजवादी पक्षाने आश्वासन दिले होते, ते या संदर्भात आठवते. दहावी उत्तीर्ण मुलांना टॅब्लेट आणि बारावी उत्तीर्ण मुलांना लॅपटॉप, अशी ती वाटणी होती. निवडणुकीतली आश्वासने हा वेगळा विषय. पण वय वाढते तसे हत्यारही बदलावे, एवढे शहाणपण त्या वाटणीत होते.

माझी भाची २०२० साली, शाळा बंद झाल्या तेव्हा, आठवीत होती. तिची पुढची दोन वर्षे फोनवर आणि नंतर टॅब्लेटवर गेली. मुलगी हुशार, चटपटीत. पुढे बी. कॉम. करताना एका कचेरीत उमेदवारीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात हिरमुसून आली. म्हणाली, ‘मामा, मला वाटायचे मला संगणकातले सगळे येते. पण तिथे फाइल कुठे ठेवली तेच मला सापडेना. फोल्डर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवलेच नव्हते.’ तिचे खरे होते. फोनवर आणि टॅब्लेटवर चित्रे आपोआप चित्रांच्या जागी जातात आणि गाणी गाण्यांच्या. काय कुठे ठेवायचे, त्याला नाव काय द्यायचे, हे वापरणाऱ्याला ठरवावेच लागत नाही. ती सोय सुखाची आहे, पण कचेरीतले निम्मे काम म्हणजे हे ठरवणेच असते. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्यातालुक्यांत लाखो मुलांना माउस धरायला आणि फाइल जपून ठेवायला शिकवले. घरोघरी पडदे आल्यावर ते शिक्षण अनावश्यक झाले, असा आपला समज झाला. प्रत्यक्षात पडदे वाढले आणि तो सराव मात्र कमी झाला.

पैशांचाही विचार करू. टॅब्लेट स्वस्त दिसतो तो एकटा असताना. त्याला बरा कीबोर्ड आणि पेन घेतले, की बिल साध्या लॅपटॉपच्या जवळ जाते. स्वस्त टॅब्लेटना नव्या प्रणालीचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारूनच घ्यावे. ते थांबले, की यंत्र धडधाकट असूनही एकेक ॲप चालेनासे होते. बहुतेक टॅब्लेट गोंदाने बंद केलेले असतात, त्यांची दुरुस्ती जिकिरीची. लॅपटॉपची बॅटरी बदलता येते आणि अनेक लॅपटॉपमध्ये मेमरीही वाढवता येते. हात आखडता असेल तर वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. फक्त एक पाहावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तेव्हा विंडोज ११ चालेल असाच घ्यावा किंवा त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली घालून घ्यावी.

निर्णय घेण्याआधी एक साधा उपाय करून पाहा. आठवडाभर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी एक कागद टांगा. घरातल्या प्रत्येकाने फोनवर किंवा संगणकावर जे काम केले, ते त्यावर लिहावे. डाव्या रकान्यात पाहिलेले, वाचलेले, ऐकलेले. उजव्या रकान्यात लिहिलेले, हिशेब केलेले, रचलेले. ‘करायचे होते पण जमले नाही’ असे जे असेल तेही उजवीकडेच. रविवारी बेरीज करा. उजवा रकाना जवळजवळ रिकामा असेल आणि घरात शिकणारे मूल नसेल, तर खुशाल टॅब्लेट घ्या. त्याने लॅपटॉपची उणीव भासणार नाही. उजव्या रकान्यात चार कामे असतील, तर लॅपटॉपला पर्याय नाही, टॅब्लेट पुढे सवडीने येईल.

आणि घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल असेल, तर त्याचा उजवा रकाना आज रिकामा आहे म्हणून हातात टॅब्लेट देऊ नका. तो का रिकामा आहे, हे आधी पाहा. हातात लिहिण्याचे साधनच नसेल तर मूल लिहिणार कशावर? दुकानात सारेच पडदे चमकतात. त्यांतल्या कोणत्या पडद्यावर आपले मूल स्वतःचे काही मांडू शकेल, एवढे विचारून मगच पाकिटाला हात घालावा.