समोर नसलेला माणूस

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी निवडणूक आली की मामा भाच्याला असं काही लिहून जातो, की दिवाळीला एकमेकांकडे फराळाची ताटं जाणं थांबतं. तेव्हा ‘नाव लपवता येतं म्हणून लोक माजतात’ हे नेहमीचं उत्तर आम्हाला अपुरं वाटतं.

दक्षिण कोरियाने ते खरं मानून पाहिलं. २००७ पासून तिथल्या मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवल्याशिवाय लिहिता येईना. शिवीगाळ फारशी हटली नाही. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियमच रद्द केला.

त्याच वर्षी इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांच्या जोड्यांना संगणकावरून एका पेचावर चर्चा करायला लावली होती. कुणाचं नाव लपवलं, कुणाचा चेहरा, तर कुणाची फक्त नजरानजर तोडली. तोल सर्वांत जास्त सुटला तो नजर हटल्यावर. हे पटण्यासारखं आहे. बोलताना समोरच्याचा चेहरा उतरला, की आपण वाक्य अर्ध्यावर गिळतो.

पण एवढ्यानेही भागत नाही. सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवायला निघत, तेव्हा शेण-चिखल फेकणारे काही पडद्याआड नव्हते. भर रस्त्यात, उघड्या चेहऱ्याने फेकत होते. आपल्या आळीत त्यापायी मान खाली घालावी लागणार नाही, याची त्यांना खात्री असणार. आज ती शाबासकी लाइकच्या आकड्यात मिळते, तीही घटकाभरात. आणि भांडण रंगलं की माणसं रेंगाळतात, जाहिराती खपतात, म्हणून कंपन्यांनाही ते नकोसं नसतं. ज्याला लागतं तो दिसत नाही, टाळ्या वाजवणारे मात्र मोजून दिसतात. खरी मेख इथे आहे.

कायद्याने आवरू म्हणावं, तर पालघर आठवावं. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी एक तरुणी आणि त्या लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. मजकुरात शिवी एकही नव्हती. ज्या कलमांखाली ती झाली, त्यांतलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवलं.

आमच्यापुरतं आम्ही एवढं करू शकतो. या दिवाळी अंकातल्या कथा-कवितांवर अभिप्राय जरूर पाठवा. कडक असला तरी छापू. फक्त यंदापासून तो आधी लेखकाला दाखवू, आणि त्याचं उत्तर शेजारीच छापू.