फ्लॅटमध्ये कुत्रा आणायचा, पण कोणता?

रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सोसायटीचा मेंटेनन्स असे विषय या सदरात नेहमी येतात. आज कुत्र्याविषयी लिहितो आहे म्हणून वाचकांनी हसू नये. गेल्या महिन्याभरात चार घरांतून मला हाच प्रश्न विचारला गेला आणि त्यातले एक घर माझेच आहे.

चाळीत हा प्रश्न नव्हता. आमच्या चाळीत मोत्या होता. तो कोणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. एका खोलीतून भाकरी, दुसरीतून मटणाचे हाड आणि रात्री जिन्याखाली मुक्काम. आता वस्त्या उठून इमारती झाल्या. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली काही कुटुंबे २०२५ साली १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. जागा वाढली, पण दार बंद झाले. दाराआड एकटी पडलेली मुले म्हणतात, "पप्पा, कुत्रा आणा ना!"

आमच्याच इमारतीतली गोष्ट सांगतो. पाचव्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने मुलाच्या हट्टासाठी हस्की आणला. निळे डोळे, दाट केस, दिसायला राजबिंडा. हा कुत्रा मूळचा सायबेरियातला, बर्फावर गाडी ओढणारा. अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडच्या मे महिन्यात तो पंख्याखाली लाद्यांवर पोट टेकून धापा टाकायचा. वहिनी आणि भाऊ दोघेही नोकरीला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तो एकटा, आणि एकटा पडला की लांडग्यासारखा सूर लावायचा. सोसायटीत तक्रारी झाल्या. मी कमिटीवर, म्हणून समजूत घालायला मलाच पाठवले. शेवटी तो कोणाला तरी देऊन टाकला. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. यात मुलाचा दोष नाही आणि मुक्या जनावराचा तर नाहीच. आणण्यापूर्वी कोणी चौकशी केली नव्हती, एवढेच.

म्हणून पहिला प्रश्न कुत्र्याच्या जातीचा नाही. घरात दिवसभर कोण असते, सकाळ-संध्याकाळ त्याला खाली कोण नेणार, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर "बघू" असेल तर कुत्रा आणू नये.

दुसरे म्हणजे, लहान घराला लहान कुत्रा, हा हिशोब दरवेळी जुळत नाही. पामेरियन लहानच असतो, पण लिफ्टचे दार वाजले तरी भुंकतो. बीगल ही वासावर शिकार काढणारी जात, तिचा आवाज तीन मजले जातो. लॅब्रॅडोर स्वभावाने गरीब, मुलांत रमणारा. पण तीस किलोचा हा गडी मासेमारांबरोबर पाण्यात काम करणाऱ्या जातीतला आहे. रोज चांगले चालवले नाही तर लठ्ठ होतो, नाहीतर सोफा फाडतो. केस तर बारा महिने गळतात. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि घरोघरी पगची मागणी सुरू झाली. पग घरात शांत असतो हे खरे. पण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पगचे नाकच चपटे, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला श्वास घेणे जड जाते. आपल्या महाराष्ट्रातला कारवानी चांगला काटक, पण तो सशामागे धावणारा. त्याला रान हवे, बाल्कनी नव्हे.

मग उरला कोण? आपला मोत्या! गावठी कुत्रा. आखूड केस, इथल्या उन्हापावसात मुरलेले अंग आणि जातिवंत कुत्र्यांना होणारे आनुवंशिक आजार कमी. वर किंमत शून्य. "गावठी म्हणजे हलका, जातिवंत म्हणजे भारी" असे एक गृहस्थ मला म्हणाले. ही भाषा निदान आपल्या तोंडी तरी शोभत नाही, एवढेच मी त्यांना म्हणालो. मात्र गावठीलाही दोन वेळा फिरवावे लागते. शक्य असेल तर वर्षा-दोन वर्षांची, नसबंदी झालेली शांत मादी घ्यावी. तिचा स्वभाव आधीच कळलेला असतो. पिल्लूच हवे असेल तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. त्यापेक्षा लहान पिल्लू विकणे नियमाविरुद्धच आहे.

मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. रोजची दोन अंडी सात रुपयांप्रमाणे धरली तर महिन्याला चारशे वीस रुपये झाले. त्यावर भात, कोंबडीचे तुकडे, लस, डॉक्टर. घरातले उरलेले घालू म्हणाल तर कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत, आणि शिजवलेले हाड टोचते. मोत्या ती हाडे कशी पचवायचा कोण जाणे. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात एक चक्कर मारून खर्चाची चौकशी आधीच करावी. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखेला. ती चुकवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ साली तसे स्पष्ट कळवले आहे. लिफ्टही नाकारता येत नाही. मुंबईत महापालिकेचा परवाना मात्र काढावा, आणि खाली केलेली घाण आपणच कागदाने उचलावी. भांडणे तिथूनच सुरू होतात.

आमच्या घरी कुत्रा अजून आलेला नाही. मुलीला सांगितले आहे, महिनाभर रोज सकाळी सहाला उठून अर्धा तास खाली फिरून ये, कुत्र्याशिवाय. आज बारावा दिवस. दोन दिवस झोपून राहिली, ते मी वहीत लिहून ठेवले आहे.