आरशातली फ्रीडा आणि आपण

२०२५च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका लिलावात फ्रीडा काहलोचं चित्र ५ कोटी ४७ लाख डॉलरला गेलं. कुठल्याही स्त्री चित्रकाराच्या चित्राला लिलावात आजवर एवढी किंमत आली नव्हती. मेक्सिकोच्या या बाईने १९४० साली ते काढलं. पलंगावर ती स्वतः झोपलीय आणि वर छतावर हाडांचा सांगाडा पहुडलाय! विकत घेणाऱ्याचं नाव गुपित. आता ते दिवाणखान्यात लागणार की तिजोरीत जाणार, कोण जाणे.

म्हणूनच मैत्रिणींनो, २०१८ साली गूगलने मांडलेलं 'फेसेस ऑफ फ्रीडा' हे ऑनलाइन प्रदर्शन मला मोलाचं वाटतं. ३३ संग्रहालयांनी मिळून तिची चित्रं, पत्रं, फोटो, अशा ८०० गोष्टी त्यात ठेवल्या. ना तिकीट, ना विमान. बोटांनी चित्र मोठं केलं की ब्रशचे फटकारेही दिसतात.

पण ही सारखी स्वतःलाच का रंगवत होती? मिरवायची हौस म्हणून नव्हे. लहानपणी पोलिओने पाय बारीक राहिला. १९२५ साली, अठराव्या वर्षी, तिच्या बसला ट्रॅमची धडक बसली. कणा, कंबर, पाय, सगळं मोडलं. महिनोन्महिने अंथरूण. आईने सुताराकडून झोपून चित्र काढता येईल असा स्टँड करून घेतला, पलंगाच्या छताला आरसा लावला. मला तर त्या आईचंच कौतुक वाटतं. समोर दुसरं कोण होतं? स्वतःचाच चेहरा!

मग जे भोगलं ते तिने रंगवलं. १९३२ सालचा गर्भपात, रक्ताळलेल्या चादरीसकट. घटस्फोटानंतर कापलेले केस आणि अंगात पुरुषी सूट. १९४४च्या चित्रात अंगभर खिळे, कण्याच्या जागी तडे गेलेला खांब. जुळलेल्या भुवया, ओठांवरची लव यातलं काही लपवलं नाही.

आणि गंमत बघा, त्याच २०१८ साली बार्बीवाल्या कंपनीने फ्रीडाची बाहुली काढली, ती मात्र भुवया कोरून, नाजूक कंबरेची! नातेवाईक कोर्टात गेले आणि मेक्सिकोत तिच्या विक्रीला मनाई झाली.

आपल्याकडे तरी वेगळं काय? बचत गटात पासबुकासाठी फोटो काढायचा म्हटलं की बायका म्हणतात, "मेला माझा फोटो कुठे चांगला येतो!" आणि त्यांच्या कॉलेजातल्या लेकी मोबाइलवर गाल गोरे, नाक सरळ करून घेतात. एक आरशासमोर उभीच राहत नाही, दुसरी हलत नाही. पण आहे तो चेहरा दोघींनाही नकोय. प्रदर्शन दाखवायचं तर या दोघींना शेजारी बसवून दाखवावं.

अडचणी आहेतच. कितीतरी घरांत चांगला फोन नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे असतो, बाईच्या वाट्याला येतो तो चार्जिंगला लावलेला. शिवाय मोबाइलवर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. गर्भपाताचं ते चित्र फूट-सव्वा फुटाच्या पत्र्यावर काढलेलं, तर 'दोन फ्रीडा' हे १९३९ सालचं चित्र चांगलं पावणेसहा फूट लांब-रुंद! तेव्हा चित्राखालचं माप आधी वाचा. शिवणाची टेप घरात असतेच, भिंतीवर धरून बघा आणि मग चित्र उघडा.