शंभर टक्के व्याजाची बँक

महिनाअखेरीला क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं की माझं बीपी वाढतं. पण बॉस, एका बँकेचं व्याज ऐकाल तर उडालच. चक्क शंभर टक्के! एक मूठ घ्या, दोन मुठी परत करा. तरीही खातेदार खूश.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावची ही बियाण्यांची बँक. ती उभी केली राहीबाई सोमा पोपेरे यांनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या महादेव कोळी समाजातल्या शेतकरीणबाई. कुठलं बी कधी पेरायचं, राख लावून मडक्यात कसं जपायचं, सगळं तोंडपाठ. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मला इंटरेस्ट आहे तो त्यांच्या दुपटीच्या अटीत. हायब्रीडचं बी राखून पेरलं तर पुढचं पीक तसंच येईल याची गॅरंटी नाही. पुन्हा दुकान गाठावं लागतं. देशी वाणाचं बी घरचंच पुरतं. पण तेही नुसतं मडक्यात ठेवलं तर काही वर्षांत उगवत नाही. म्हणजे राहीबाई वाटतात, म्हणून ते टिकतं.

माझ्याकडे आजीच्या काळ्या मसाल्याची वही आहे, एकदम जपून ठेवलेली. ती होती तोवर तिच्यासोबत तो एकदाही केला नाही. आता प्रमाण आहे, चव नाही.

तुमची आजी असेल, तर या वीकेण्डला सुट्टी टाकाच.