क्लबचे वर्ष आणि बंदराचे वर्ष

रत्नागिरी : दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या पावसाळी बंदीत मिरकरवाडा बंदरातील यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. एरवी लिलाव, बर्फ, डिझेल आणि टेम्पोंच्या धांदलीत असलेली जेट्टी या काळात थंडावते. नौका शाकारल्या जातात, जाळी विणली जातात. योगायोग असा, की याच काळात, १ जुलै रोजी, रोटरी आणि लायन्स या सेवाभावी संघटनांचे नवे वर्ष सुरू होते. नवे पदाधिकारी सूत्रे स्वीकारतात आणि वर्षभराचे उपक्रम ठरतात. शहरातील सभागृह आणि बंदर यांत अंतर फारसे नाही. पण या दोन वर्षांची गाठ आपोआप पडत नाही.

बंदरासाठी उपक्रम राबवणे आणि बंदरातील माणसाला सदस्य करून घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागो येथे १९०५ मध्ये पॉल हॅरिस या वकिलाने रोटरीची पहिली बैठक घेतली, तेव्हा त्यांच्यासोबत कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी होता. निरनिराळ्या व्यवसायांचे प्रतिनिधी एकत्र यावेत, हे तत्त्व त्यातूनच रुजले. त्या न्यायाने मासेमारीवर पोसलेल्या शहरातील क्लबमध्ये डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या जोडीला तांडेल, नौकामालक आणि मासळी विकणारी महिलाही असायला हवी. अर्थात महिलांना रोटरीचे दरवाजे जगभर उघडले तेच मुळी १९८९ मध्ये!

सदस्यत्वाने नेमका काय फरक पडतो, हे किनारा स्वच्छतेच्या उदाहरणावरून कळते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन पाळला जातो. हातमोजे घालून कचरा गोळा होतो, छायाचित्रे निघतात. मात्र त्या सुमारास मासेमारीचा हंगाम भरात असतो आणि दुसऱ्याच दिवशी फाटकी जाळी, दोरखंड, प्लॅस्टिकच्या बाटल्या पुन्हा साचू लागतात. तांडेल बैठकीत असेल, तर प्रश्न वेगळा विचारला जाईल. नौकेवर कचऱ्याचा पिंप ठेवायचा, तर तो जेट्टीवर कोणी उतरवून घ्यायचा? हा प्रश्न नगर परिषद, मत्स्यव्यवसाय खाते आणि मच्छीमार सोसायट्यांपुढे नेण्याचे काम क्लब करू शकतो.

आरोग्य शिबिरांचेही तसेच. बंदीच्या काळात नौकामालक गावात असतो. पण परप्रांतातून आणि नेपाळमधून आलेले अनेक खलाशी तेव्हा घरी गेलेले असतात. शिबिर खलाशांसाठी असेल, तर ते हंगामातच आणि नौका बंदरात येण्याची वेळ साधूनच घ्यावे लागेल. हे वेळापत्रक बंदरातल्या माणसाला विचारल्याशिवाय कळणारे नाही.

क्लबच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. बंदरातील गाळ काढणे हे शासनाचेच काम आहे. मिरकरवाड्यातील अतिक्रमणे २०२५ च्या प्रारंभी हटवण्यात आली. मोकळ्या झालेल्या जागेचे नियोजनही शासनाकडेच आहे. शिवाय क्लबचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो आणि त्याच्याबरोबर अनेकदा प्राधान्यक्रमही. तरीही दीर्घ पल्ल्याचे काम या संघटनांना अशक्य नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरोधी मोहीम हाती घेतली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला तो जानेवारी २०११ मध्ये. तब्बल २५ वर्षे, दरवर्षी नवे पदाधिकारी, पण काम तेच.

वर्गणी आणि बैठकांच्या वेळा ही मच्छीमारांपुढील खरी अडचण आहे. त्यातील दुसरी बरीच सैल झाली आहे. दर आठवड्याच्या बैठकीऐवजी महिन्यातून किमान दोन बैठका घेण्याची मुभा रोटरी क्लबना २०१६ पासून मिळाली. वर्गणीबाबत स्थानिक क्लबलाच मार्ग काढावा लागेल. जूनमधील एखादी बैठक सभागृहाऐवजी जेट्टीवर घेतली, तर १ जुलैच्या आखणीत बंदराचे म्हणणे येऊ शकेल. १ ऑगस्टनंतर ते सांगायला तांडेल किनाऱ्यावर नसेल.