गिअर अडतो तेव्हा
जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली आणलेल्या मियाता या दोन आसनी मोटारीची कीर्ती ज्या आखूड, चपळ गिअरच्या दांड्याने वाढविली, तोच दांडा वयोमानाने हट्टास पेटला म्हणजे बहुतेक मालक कोणतीही चौकशी न करता गिअरपेटीवर कसुराचा शिक्का मारून मोकळे होतात. वस्तुतः या प्रकरणातील पहिली तपासणी बिनखर्चाची आणि बिनहत्याराची आहे. इंजिन बंद असताना सर्व गिअर सुरळीत पडत असून इंजिन सुरू होताच अडत असतील, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे; आणि क्लच दाबून काही क्षण थांबल्यावरही, ज्याला सिंक्रोचे, म्हणजे दोन फिरत्या भागांचा वेग घर्षणाने समान करणाऱ्या कड्याचे, साहाय्य नसते तो रिव्हर्स खरखरतच पडला, तर त्या अनुमानास पुरावाही मिळाला. मग गिअरपेटीच्या कुशीस बसविलेल्या, द्रवाच्या दाबाने क्लच सोडविणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा रबरी बूट किंचित सरकवून पाहावा. आत ओल आढळली तर द्रव पाझरतो आहे, आणि या गाडीत हा विकार इतका परिचित आहे की जाणता मेकॅनिक प्रथम तेथेच हात घालतो. याउलट केवळ दुसराच गिअर, तोही थंडीच्या सकाळी अडून तेल तापताच वठणीवर येत असेल, तर क्लच निर्दोष होय: सिंक्रोचे कडे झिजलेले असते आणि थंड, दाट तेल त्याच्या कामात विलंब घडविते. इंजिन बंद असतानाही सारेच गिअर जड लागले, तर पाच गिअरांच्या गाडीत दांड्याच्या बुडाशी असलेली वाटी उघडावी. तिचे तेल निराळे असते, आणि ते पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.